खर्जाचे मानकरी

मैफल रंगांत आलेली असते. गवई तार सप्तकांत फिरत असतो, ऐकणारे माना डोलावीत असतात आणि समेवर दाद उठत असते. गवयाच्या मागें बसलेला शिष्य मात्र तंबोऱ्याच्या चार तारा एकामागून एक छेडीत असतो. त्याच्याकडे कोणाचें लक्ष नसतें. त्याचें नांवहि कोणी विचारीत नाहीं. परंतु त्यानें हात आखडला आणि चौथ्या तारेंतून उमटणारा खर्ज नाहींसा झाला, कीं सारी मैफल क्षणार्धांत उघड्यावर पडल्यासारखी वाटते. आपल्याला कशाचा आधार होता, हें तो आधार सुटल्यावरच कळतें.

पाश्चात्य संगीतांतहि खर्जाची हीच स्थिति आहे. तिकडे त्याला बास म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्या खर्जाच्या जागेवर एक नवी मंडळी येऊन बसली. ती मूळची तेथली नव्हती. गिटार हातांत घेऊन सर्वांच्या पुढें उभें राहण्याच्या हौसेनें ती संगीतांत आली होती. आणि कोणी अडचणीमुळें, कोणी योगायोगानें, तर कोणी दुसरा कोणीच तयार होईना म्हणून मागच्या जागेवर गेला. तिकडे जातांना आपण पायउतार झालों, असें पुष्कळांना वाटलें. पुढें मात्र त्यांच्यापैकीं कांहींनीं त्याच जागेवरून साऱ्या गाण्याचें रूप पालटून टाकलें. हें कसें घडलें तें समजण्यासाठीं प्रथम त्या वाद्याची जन्मकथा पाहिली पाहिजे.

१९५० पूर्वीं बास म्हटला म्हणजे डबल बास. व्हायोलिनच्या कुळांतील हें सर्वांत थोरलें भावंड. उंची सुमारें सहा फूट, पोटाचा घेर धान्याच्या कणगीसारखा, आणि त्यावर ताणलेल्या चार जाड तारा. वादकानें त्याला उभ्यानें मिठींत घ्यावयाचें आणि गजानें किंवा बोटांनीं तें वाजवावयाचें. सतारीला असतात तसे पडदे त्याला नसतात. स्वराची नेमकी जागा बोटाला आणि कानाला शोधावी लागते, आणि ती विद्या हस्तगत होण्यास वर्षें लागतात. एवढें करूनहि नाचाच्या वाद्यवृंदांत कर्णे आणि ढोल यांच्या गदारोळांत त्याचा आवाज बुडून जाई. १९३० नंतर गिटारला विजेची जोड मिळाली. तारेखालीं लोहचुंबक आणि त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें बसविलें, कीं तारेच्या कंपनाबरोबर वेटोळ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो ध्वनिवर्धकांतून पाहिजे तितका मोठा करतां येतो. गिटारचा आवाज असा वाढल्यावर बासवादकाची स्थिति अधिकच केविलवाणी झाली. प्रवासाचे हाल तर निराळेच. मोटारींत माणसें बसत आणि बास टपावर बांधावा लागे.

ह्या अडचणीवरचा टिकाऊ उपाय रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थानें काढला. लिओ फेंडर यांचा जन्म १९०९ सालीं कॅलिफोर्नियांत झाला. शिक्षण जमाखर्चाचें आणि छंद रेडिओचा. १९३८ सालीं त्यांनीं फुलर्टन गांवीं रेडिओ-दुरुस्तीचें दुकान थाटलें. वादक मंडळी आपले बिघडलेले ध्वनिवर्धक घेऊन तेथें येत, आणि त्यांच्या तक्रारी ऐकतां ऐकतां फेंडर स्वतःच वाद्यें बनवूं लागले. मौज अशी, कीं ज्यांच्या गिटारी पुढें जगभर गेल्या, त्या कारागिराला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. १९५१ सालीं त्यांनीं नवा बास बाजारांत आणला. तो पोकळ नव्हता, भरीव लांकडाचा होता. पट्टा खांद्यावर अडकवून तो गिटारप्रमाणें आडवा धरतां येत होता, आणि त्याच्या दांडीवर पडदे बसविलेले होते. पडद्यालगत बोट दाबलें कीं स्वर बिनचूक लागे. म्हणूनच त्याला ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा, हें नांव मिळालें.

ही कल्पना सर्वस्वीं फेंडर यांचीच होती असें नव्हे. सिॲटल येथील पॉल टटमार्क यांनीं १९३० ते १९४० च्या दरम्यान पडद्यांचा, विजेवर चालणारा आडवा बास करून विकावयास ठेवला होता. पण त्याला फारसें गिऱ्हाइक मिळालें नाहीं. १९५१ पर्यंत काळ बदलला होता. लायनेल हॅम्पटन यांच्या जॅझ वाद्यवृंदांत मंक माँटगोमेरी हे हें नवें वाद्य घेऊन उभे राहूं लागले, आणि त्यांना ऐकून इतरांची भीड चेपली.

फेंडर यांच्या डोळ्यांसमोर दोन प्रकारचीं गिऱ्हाइकें होतीं. एक, आपला आवाज ऐकूं जावा म्हणून तळमळणारे जुने बासवादक. आणि दुसरे, वेळप्रसंगीं बास वाजवून चार पैसे अधिक मिळवूं पाहणारे गिटारवादक. दुसऱ्यांची सोय वाद्याच्या घडणींतच होती. गिटारला सहा तारा असतात. त्यांपैकीं जाड अशा चार तारा ज्या स्वरांत लावतात त्याच स्वरांत, परंतु बरोबर एक सप्तक खालीं, बासच्या चार तारा लावलेल्या असतात. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ८२ कंपनें करते, तर बासची सुमारें ४१. म्हणजे गिटारवादकाला स्वरांच्या जागा नव्यानें पाठ कराव्या लागत नाहींत. फरक पडतो तो अंतरांत. फेंडर यांच्या गिटारवर तारेची मोकळी लांबी साडेपंचवीस इंच, तर बासवर ३४ इंच. गिटारवर पहिला पडदा दीड इंचाच्या आंत सांपडतो. बासवर त्यासाठीं हात जवळजवळ दोन इंच पसरावा लागतो, आणि तार जाड असल्यामुळें दाबहि अधिक द्यावा लागतो. पहिल्या आठवड्यांत बोटें दुखतात, त्यांवर घट्टे पडतात, आणि मग हात सरावतो.

हाताची ही अडचण किरकोळच म्हणावयाची. मनाची अडचण तिच्याहून मोठी असते. गिटारवादक तीन-चार स्वर एकदम उठवून स्वरांचा पुंजका वाजविण्यास सरावलेला असतो. तिकडे ह्या पुंजक्याला कॉर्ड म्हणतात. बासवर तसें करावयास जावें तर नुसता घोंघाट उठतो. तेथें एका वेळीं एकच स्वर पुरे होतो. मग तो कोणता घ्यावा, तालाच्या कोणत्या मात्रेवर घ्यावा आणि कोठें थांबवावा, ह्यांतच सारें कौशल्य आलें. गिटारवरचा एखादा चुकार स्वर गर्दींत लपून जातो. बासचा स्वर चुकला तर साऱ्या गाण्याचा तोल जातो.

त्या एका स्वराच्या अंगीं केवढें सामर्थ्य असतें, हें हार्मोनियम घरांत असणाऱ्या कोणालाहि पडताळून पाहतां येईल. मध्य सप्तकांतील सा, ग आणि प हे तीन शुद्ध स्वर एकत्र दाबून धरावे. त्यांच्याखालीं मंद्र सप्तकांतील सा लावला, तर मनावर प्रसन्नतेचा ठसा उमटतो. वरचे तिन्ही स्वर तसेच ठेवून खालच्या सा ऐवजीं मंद्रांतील शुद्ध धैवत लावला, कीं त्याच स्वरांवर खिन्नतेची छाया पडते. वरच्या हातानें कांहींच बदललेलें नसतें; बदल होतो तो केवळ पायथ्याशीं. पाश्चात्य संगीतांत बासवादकाच्या हातीं ही किल्ली असते. शिवाय ढोलवादकाच्या ठेक्याशीं गाण्याच्या स्वरांची गांठ घालून देण्याचें कामहि त्याचेंच. तो एका अंगानें तालाचा आणि दुसऱ्या अंगानें सुरांचा असतो.

जुन्या बासवादकांना नवें वाद्य आपलेंसें करणें नेहमींच सोपें गेलें असें नाहीं. १९५७ सालीं हॉलिवुडमध्यें एल्विस प्रेस्ली यांच्या एका गाण्याचें ध्वनिमुद्रण चाललें होतें. त्यांचे साथीदार बिल ब्लॅक यांचा हात उभ्या बासवर बसलेला. आडव्या बासवरची आरंभींची स्वरावली त्यांना साधेना, आणि त्रासून त्यांनीं वाद्य खालीं टाकलें, असें सांगतात. तेव्हां गिटार वाजविणाऱ्या प्रेस्लींनीं तें उचलून घेतलें आणि ती स्वरावली स्वतःच वाजविली. फेंडर यांनीं गिटारवादकांसाठीं ठेवलेलें दार कसें उघडें होतें, याचा हा एक मासला होय. परंतु प्रेस्ली तेथें एका गाण्यापुरते गेले आणि परत आले. तेथेंच मुक्कामाला राहिलेल्यांची कथा निराळी आहे.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कथा जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदरांत घडली. लिव्हरपूलचा पॉल मॅकार्टनी हा तरुण १९५७ सालीं जॉन लेनन याच्या मंडळींत सामील झाला. त्याचे वडील एकेकाळीं नाचाच्या वाद्यवृंदांत वाजवीत असत. त्यांनीं मुलाला वाढदिवसाला ट्रंपेट आणून दिला होता. पण ट्रंपेट तोंडाला लावून गातां येत नाहीं, म्हणून मुलानें तो देऊन गिटार घेतली. मुलगा डावखोरा असल्यामुळें त्याला तारा उलट क्रमानें बसवाव्या लागल्या. १९५८ सालीं जॉर्ज हॅरिसन आला. आतां तिघे गिटारवादक झाले, पण खर्जाला कोणी नव्हता. लेनन याचा चित्रकार मित्र स्टुअर्ट सटक्लिफ याचें एक चित्र लिव्हरपूलच्या वॉकर कलादालनांतील प्रदर्शनांतून ६५ पौंडांस विकलें गेलें. मित्रांच्या आग्रहामुळें त्यानें त्या पैशांतून बास घेतला. त्याला वाजवितां येत नव्हतें. पण जागा भरली गेली, आणि पुढें बीटल्स ह्या नांवानें ही मंडळी १९६० सालीं हॅम्बुर्गला गेली.

तेथें रात्रीच्या रात्री तास न् तास वाजवावें लागे. सटक्लिफचें मन मात्र चित्रकलेंतच होतें. दुसऱ्या मुक्कामांत, १९६१ सालीं, त्यानें संगीत सोडून हॅम्बुर्गच्या कलाशाळेंत शिकण्याचें ठरविलें. पुन्हां प्रश्न उभा राहिला, कीं बास कोणी घ्यावा. तिघांपैकीं कोणालाच तो नको होता. मॅकार्टनी यांनीं पुढें एकाहून अधिक वेळां सांगितलें आहे, कीं त्या काळीं बास म्हणजे मागें उभ्या राहणाऱ्या जाड्या गड्याचें काम, अशीच सर्वांची समजूत होती. परंतु त्याच सुमारास त्यांची स्वस्तांतली गिटार मोडली होती आणि ते पियानोवर वेळ मारून नेत होते. ज्याचे हात मोकळे त्याच्या गळ्यांत काम पडावें, हा जगाचा न्याय; त्याप्रमाणें बास मॅकार्टनी यांच्या गळ्यांत पडला.

आरंभीं त्यांनीं सटक्लिफचाच बास उसना घेतला. तारा बदलण्याची परवानगी नव्हती, म्हणून तो उलटा धरून वाजविला. मग हॅम्बुर्गच्या दुकानांतून त्यांनीं हॉफ्नर ह्या जर्मन कारखान्याचा, व्हायोलिनच्या आकाराचा एक हलका बास सुमारें ३० पौंडांस विकत घेतला. फेंडर यांच्या बासला त्या काळीं १०० पौंडांच्या आसपास पडत, आणि तेवढे पैसे खर्चण्याची त्यांची तयारी नव्हती. शिवाय ह्या वाद्याचीं दोन्ही अंगें सारखीं असल्यामुळें डावखोऱ्यानें उलट धरलें तरी तें विचित्र दिसत नसे. अशा साध्या हिशेबानें झालेली ही खरेदी पुढें इतिहासजमा व्हावयाची होती. सटक्लिफ ती कीर्ति पाहण्यास राहिला नाहीं. १९६२ च्या एप्रिलमध्यें, अवघ्या एकविसाव्या वर्षीं, मेंदूंत रक्तस्राव होऊन हॅम्बुर्ग येथेंच त्याचा अंत झाला.

मॅकार्टनी यांच्यापुढें आणखी एक पेंच होता. ते गायक होते. गिटार वाजवितांना गाणें त्या मानानें सोपें, कारण हात ठेका धरतो आणि गळा त्यावर चालतो. बास वाजवितांना मात्र गळ्यानें एक चाल म्हणावयाची आणि बोटांनीं निराळ्याच मात्रांवर निराळी चाल काढावयाची. तबला वाजवीत स्वतःच गाण्यासारखा हा प्रकार आहे. रोजच्या सरावानें त्यांना तो साधला. १९६३ सालच्या ‘ऑल माय लव्हिंग’ ह्या गाण्यांत त्यांचा बास प्रत्येक मात्रेला एकेक पायरी चढत-उतरत चालतो, आणि वर त्यांचेंच गाणें चालू असतें. नुसता आधारस्वर धरून बसणें त्यांच्या गिटारच्या हाताला मानवत नव्हतें. खर्जालाहि स्वतःची चाल असूं शकते, हें ह्या हातानें हळूहळू सिद्ध केलें.

१९६३ ह्याच सालीं अटलांटिकच्या पलीकडे, हॉलिवुडमध्यें, दुसरें एक स्थलांतर झालें. कॅरोल के यांचा जन्म १९३५ सालीं वॉशिंग्टन संस्थानांतील एव्हरेट येथें झाला. आईबाप दोघेहि वादक. घरांत संगीत भरपूर आणि पैसा बेताचा. १९४२ सालीं कुटुंब कॅलिफोर्नियास आलें. मुलगी तेरा वर्षांची असतां आईनें सांठविलेल्या पैशांतून तिला गिटार घेऊन दिली, आणि वर्षभराच्या आंत ती दुसऱ्यांना शिकवून घरखर्चाला हातभार लावूं लागली. पुढें रात्रीं लॉस एंजेलिसच्या जॅझ क्लबांत वाजवावयाचें आणि दिवसा टंकलेखन करावयाचें, असा क्रम चालला. १९५७ सालीं सॅम कूक यांच्या ध्वनिमुद्रणाचें काम त्यांच्याकडे चालून आलें. जॅझपेक्षां ह्या कामाला पैसा अधिक होता, आणि घरीं मुलें होतीं. त्यांनीं तो मार्ग धरला. १९५८ सालच्या रिची व्हॅलेन्स यांच्या ‘ला बांबा’ ह्या सुप्रसिद्ध गाण्यांतील ठेक्याची गिटार त्यांचीच.

एके दिवशीं कॅपिटॉल कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत ठरलेला बासवादक आलाच नाहीं. तासांवर पैसे मोजणाऱ्या त्या जागेंत वाट पाहणें परवडण्यासारखें नव्हतें. कॅरोलबाईंच्या हातीं बास देण्यांत आला. त्यांना कळून चुकलें, कीं गिटारच्या चार-दोन खुणा वाजविण्यापेक्षां येथें कल्पनेला अधिक वाव आहे. व्यवहाराची दृष्टिहि त्यांना होती. गिटारवादक म्हणून जातांना तीन-चार प्रकारच्या गिटारी वाहून न्याव्या लागत. बासवादकाला एकच वाद्य पुरे. त्या दिवसापासून त्यांची गिटार मागें पडली आणि बास पुढें आला.

गिटारवरची एक संवय त्यांनीं सोडली नाहीं. बोटांऐवजीं त्या चपट्या नखीनें तारा छेडीत. त्यामुळें प्रत्येक स्वराचा आरंभ टणत्कारानें स्पष्ट होई. स्वराची शेपटी लांबूं नये म्हणून त्या घोडीजवळ तारांवर नमद्याची घडी बसवीत. त्या काळच्या लहान रेडिओंतून आणि मोटारींतील कर्ण्यांतून खोल खर्ज नीट उमटत नसे. परंतु असा टणक, सुटा स्वर त्यांतूनहि वाट काढी. १९६६ सालीं सुरू झालेल्या ‘मिशन इम्पॉसिबल’ ह्या दूरचित्रवाणी-मालिकेची लालो शिफ्रिन यांनीं रचलेली पांच मात्रांची सुरावट ज्यांनीं ऐकली असेल, त्यांनीं कॅरोलबाईंचा बास ऐकला आहे, मग त्यांचें नांव ठाऊक असो वा नसो. सॉनी आणि शेर यांचें ‘द बीट गोज ऑन’ हें गाणें जवळजवळ एकाच कॉर्डवर उभें आहे. त्याला उठाव देणारी खर्जाची ओळ कॅरोलबाईंनींच सुचविली, आणि ती ओळ काढून घेतली तर गाण्यांत फारसें उरत नाहीं.

नांव ठाऊक नसणें हाच ह्या धंद्याचा रिवाज होता. सुमारें ३ तासांची एक बैठक, समोर स्वरलिपीचा कागद, दोन-चार गाणीं पुरीं करावयाचीं आणि पुढच्या ध्वनिमुद्रणगृहाकडे धांवावयाचें. तबकडीच्या वेष्टनावर गायकाचा फोटो असे. वादकांचीं नांवें बहुधा छापलीच जात नसत. कॅरोलबाईंनीं अशीं सुमारें १०,००० ध्वनिमुद्रणें केलीं असावींत असा अंदाज आहे. पुरुषांनीं भरलेल्या त्या दालनांत बहुतेक वेळां त्या एकट्याच स्त्री असत. हात चांगला चालतो कीं नाहीं, एवढीच तेथील कसोटी होती, आणि त्या कसोटीला त्या उतरल्या. १९६९ सालीं त्यांनीं बास शिकविणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. गिटारवरून बासकडे येऊं पाहणाऱ्या किती तरी तरुणांना त्यानें वाट दाखविली.

हॉलिवुड आणि लंडन येथील ह्या दोन वाटा १९६६ सालीं एकमेकींना मिळाल्या. बीच बॉईज मंडळींचे ब्रायन विल्सन हे स्वतः त्या मंडळींत बास वाजवीत. परंतु ध्वनिमुद्रणासाठीं ते कॅरोलबाईंसारख्या पेशेवाईक वादकांना बोलावीत. ‘पेट साउंड्स’ ह्या त्यांच्या तबकडींतील अनेक गाण्यांत कॅरोलबाईंचा बास आहे. कॉर्डचा मूळ स्वर खालीं ठेवण्याची रूढ रीत मोडून विल्सन यांनीं जागोजागीं भलताच स्वर पायथ्याला बसविला. वर हार्मोनियमवर सांगितलेला जो सा आणि धैवताचा प्रयोग, त्याच जातीची ही करामत. ती तबकडी मॅकार्टनी यांनीं ऐकली, आणि बास इतका मोकळा फिरूं शकतो हें पाहून ते चकित झाले. डेट्रॉइट शहरांतील मोटाउन कंपनीचे जेम्स जेमरसन यांनींहि त्यांच्यावर असाच परिणाम केला होता. जेमरसन उभ्या बासवरून आडव्या बासकडे आलेले. उजव्या हाताची एकच तर्जनी वापरून ते असे कांहीं लयीचे झोके घेत, कीं गिटारवरून आलेल्यांनीं त्यांच्याकडून शिकावें.

त्याच वर्षीं बीटल्सच्या ‘पेपरबॅक रायटर’ ह्या गाण्याचें ध्वनिमुद्रण झालें. आपला बास अमेरिकन तबकड्यांइतका दमदार कां वाटत नाहीं, ही मॅकार्टनी यांची तक्रार होती. ध्वनियंत्रज्ञांनीं युक्ति काढली. ध्वनिवर्धकाचा मोठा कर्णा त्यांनीं मायक्रोफोन म्हणून वापरला, म्हणजे आवाज बाहेर टाकणारें यंत्र आवाज टिपण्यास लावलें. खर्जाच्या संथ लाटा त्याच्या रुंद पडद्यावर सहज उमटल्या. पुढें १९६७ सालच्या ‘सार्जंट पेपर’ तबकडीच्या वेळीं अनेक गाण्यांत इतर वाद्यें आधीं मुद्रित करून बास सर्वांत शेवटीं स्वतंत्रपणें भरण्यांत आला. गाण्याची संपूर्ण इमारत उभी झालेली पाहून मग तिच्याखालून कोणती वाट काढावी, हें मॅकार्टनी निवांतपणें ठरवीत. पायाचें काम शेवटीं करण्याची ही उलटी रीत स्थापत्यांत चालणार नाहीं. संगीतांत ती फलदायी ठरली.

गिटार सोडून बास घेतलेल्या प्रत्येकाला मात्र ही जागा मानवली असें नाहीं. १९६६ च्याच उत्तरार्धांत नोएल रेडिंग हे इंग्रज गिटारवादक लंडनमध्यें ‘ॲनिमल्स’ मंडळींत गिटारची जागा मिळते का, हें पाहावयास गेले. ती जागा मिळाली नाहीं. परंतु तेथें जिमी हेंड्रिक्स ह्या अमेरिकन वादकाला बासवादक हवा होता. रेडिंग यांनीं बास घेतला आणि तीन वर्षें जगभर कीर्ति मिळविली. तरी मन गिटारींतच गुंतलेलें राहिलें. ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ ह्या गाण्याच्या वेळीं ते रागावून निघून गेले आणि तबकडीवरचा बास अखेर हेंड्रिक्स यांनीं स्वतः वाजविला. रेडिंग यांनीं स्वतःची निराळी मंडळी काढली आणि तींत गिटार हातीं घेतली. १९६९ सालीं ते हेंड्रिक्सपासून वेगळे झाले. त्यांच्या कौशल्यांत उणेपणा होता असें म्हणतां येणार नाहीं. परंतु सक्तीनें मिळालेली जागा आणि स्वीकारलेली जागा ह्यांत फरक असतो, आणि तो ऐकणाऱ्याला दिसला नाहीं तरी वाजविणाऱ्याला दिवसरात्र जाणवतो. मॅकार्टनींनाहि ही जागा नको असतांच मिळाली होती. त्यांनीं पुढें ती आपलीशी केली, एवढाच दोघांच्या कथेंतील भेद.

हें वाद्य आपल्याकडेहि आलें. १९७० नंतरच्या दशकांत राहुलदेव बर्मन यांच्या हिंदी चित्रपटगीतांत टोनी वाझ यांच्या बास गिटारनें जो भरदारपणा आणला, तो घरोघरच्या रेडिओवर ऐकूं आला. गाणें गुणगुणणाऱ्यांच्या तोंडीं गायकाचें आणि संगीतकाराचें नांव राहिलें. खर्जाच्या मानकऱ्याचें नशीब सगळीकडे सारखेंच दिसतें.

मात्र काळ कधीं कधीं हिशेब चुकता करतो. १९६१ सालीं हॅम्बुर्गला घेतलेला तो हॉफ्नर बास १९७२ च्या ऑक्टोबरमध्यें लंडनच्या नॉटिंग हिल भागांत उभ्या असलेल्या एका मोटारींतून चोरीस गेला. पन्नासाहून अधिक वर्षें त्याचा मागमूस नव्हता. कांहीं हौशी शोधकांनीं चिकाटीनें माग काढला. एका घराच्या माळ्यावर तें वाद्य सांपडलें, आणि मूळ मालकाला तें परत मिळाल्याचें २०२४ सालीं जाहीर झालें. सुमारें ३० पौंडांच्या ह्या वाद्यासाठीं लोकांनीं एवढी धडपड करावी, ह्यावरून खर्जाला किती मान मिळाला आहे तें दिसतें. एकेकाळीं तिघा मित्रांपैकीं एकालाहि तें हातीं घ्यावेसें वाटत नव्हतें.

कॅरोलबाईंच्या वाट्याला असाच मान २०२५ सालीं आला. अमेरिकेंतील रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरांत त्यांची निवड झाली. तेव्हां त्या नव्वद वर्षांच्या होत्या. त्यांनीं तो सन्मान नाकारला. ध्वनिमुद्रणगृहांतील वादक जें काम करतात त्याचें खरें स्वरूप त्या सोहळ्यांत दिसत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. कोणाला हा हट्ट वाटेल. परंतु ज्या बाईंनीं आयुष्यभर नांव न छापतां हजारों गाण्यांना पाया घातला, त्यांना आपल्या कामाची ओळख दुसऱ्याकडून करून घेण्याची गरज उरली नव्हती, असेंहि म्हणतां येईल.

गिटारवरून बासकडे गेलेल्या ह्या माणसांनीं दोन तारा गमावल्या आणि पुढची जागा सोडली. त्यांच्यापैकीं जे तेथें रमले, त्यांनीं गिटारची चपळाई आणि चालीची ओढ बरोबर नेली, आणि त्याचबरोबर एका वेळीं एकच स्वर वाजविण्याचा संयम अंगीं बाणविला. ह्या दोहोंच्या मेळानें बास केवळ आधार राहिला नाहीं, त्याला वाणी फुटली. घरांत, शाळेंत, कचेरींत अशा कितीतरी जागा असतात, कीं ज्या कोणाला नको असतात आणि ज्यांच्यावांचून कोणाचें चालत नाहीं. त्या जागीं जाण्याची पाळी आली, तर तेथून काय ऐकूं येतें आणि तेथून काय बदलतां येतें, एवढें पाहावें. पुढें उभें राहिलेल्याला तें कधींच दिसत नाहीं.